मुख्य पात्र पहिल्या पानावर येतं, पण वाचकाला भेटतच नाही: लक्षणं आणि दुरुस्ती

दिवाळी अंकाला आलेल्या कथा पहिल्या चाळणीला वाचायचं काम मी बरीच वर्षं करते. म्हणजे पावसाळाभर घरात कागदांचे ढीग आणि मेलमध्ये फायलींचे. परत जाणाऱ्या कथांमधे एक बिघाड इतक्या वेळा सापडतो की आता पहिलं अर्धं पान वाचूनच हात कपाळाला जातो. मुख्य पात्र हजर असतं, नाव गाव वय पगार सगळं दिलेलं असतं, आणि तरी ते भेटत नाही, लग्नाच्या हॉलमधे कोणीतरी "हे आमचे अमुक" म्हणून ओळख करून देतं, आपण नमस्कार करतो आणि जेवणाच्या रांगेत लागेपर्यंत विसरून जातो ना, तसं. माझ्या स्वतःच्या कथांमधेही हे झालंय, वर्कशॉपमधल्या पोरांच्या कथांमधे तर दर बॅचला होतं, त्यामुळे दुरुस्ती करून करून एक क्रम बसलाय. तोच इथे लिहिते.

आधी लक्षणं.

- वाचून झाल्यावर मैत्रीण म्हणते "छान आहे गं", आणि नायकाचं नाव विचारलं की म्हणते "अं, तो बँकेतला ना?"
- वाचणाऱ्याला वॉचमन लक्षात राहतो, शेजारची काकू लक्षात राहते, नायिका राहत नाही.
- पहिल्या पॅऱ्यात पाच-सहा नावं आहेत आणि वाचणारा परत वर जाऊन बघतो की सुहास नवरा की दीर.
- कथा अलार्मने सुरू होते, किंवा आरशासमोर, किंवा ती वाफाळत्या चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभी आहे आणि पाऊस पडतोय. (हा कप मी आजवर इतक्यांदा वाचलाय की आता चहा गार झालेला असला तरी मला आनंद होईल.)
- पहिला सीन अख्खा काढून टाकला तरी दुसऱ्या सीनला काडीचा फरक पडत नाही.
- दुसऱ्या पानावर तुम्हाला स्वतःलाच कंटाळा येतो आणि तुम्ही "तिला आठवलं..." करून फ्लॅशबॅक टाकता. हे सगळ्यात पक्कं लक्षण.

यातलं एखादंच असेल तर बहुतेक काही बिघडलेलं नाही, उगाच खोलू नका. दोन-तीन असतील तर पुढे चला. सुरू करण्याआधी जुन्या ड्राफ्टची एक कॉपी वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण मधेच असं वाटतं की आधीचंच बरं होतं, आणि कधीकधी ते खरंही असतं.

१) पहिल्या दोन पॅऱ्यांवर हात ठेवा (पाच मिनिटं, खर्च शून्य)

प्रिंट काढा नाहीतर स्क्रीनवर खरंच हात ठेवा आणि तिसऱ्या पॅऱ्यापासून मोठ्याने वाचा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा कथा तिथेच सुरू होते. कारण साधं आहे, लिहायला बसलं की आपण आधी स्वतःला तापवतो, हवा कशी होती, घर कसं होतं, ती कोण, तिचे वडील कोण, हे आपल्यालाच अजून नीट माहीत नसतं म्हणून लिहून बघतो, थंडीत स्कूटर चोक देऊन उभ्या उभ्या रेस करतात तसं. ते गरजेचं असतं, पण ते आपल्यासाठी. वाचकाला गाडी हलल्यावर बसवायचं.

हात ठेवल्यावर काही कळेनासं झालं तर झाकलेल्या भागातल्या नेमक्या कुठल्या गोष्टी अडतात ते लिहून काढा. माझा अनुभव, एखाद-दोनच निघतात, आणि त्या पुढच्या एखाद्या वाक्यात सहज मावतात. एवढ्यावर बिघाड गेला तर थांबा, खालचं काही करू नका.

२) नावं तपासा (दहा मिनिटं)

पहिल्या पानावरची सगळी नावं एका चिठ्ठीवर काढा. सुहास, सुनील, सुनीता, सुमेध असं असेल तर निम्मं काम इथेच झालं, वाचणारा नाव अक्षर अक्षर वाचत नाही, सुरुवात आणि आकार बघून पुढे सरकतो. मुख्य पात्राशिवाय अजून एक नाव, फार तर दोन. बाकीच्यांना "मधला दीर", "गॅसवाला" एवढं पुरतं.

मग वयाशी नाव जुळतंय का बघा. सत्तरीतल्या आजींचं नाव रिया असेल तर त्यामागे गोष्ट हवी, नाहीतर वाचक तिथेच अडखळतो. कुसुम, सुमन, शालिनी म्हटलं की एक पिढी उभी राहते, प्राची-स्नेहल म्हटलं की दुसरी. आडनाव तर आपल्याकडे फारच बोलतं, गाव सांगतं, जात सांगतं, आणि लेखकाला ते सांगायचं होतं की नव्हतं याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं, तो अंदाज बांधून मोकळा होतो. म्हणून आडनाव पहिल्या ओळीत टाकायचं तर जाणूनबुजून टाका, सवय म्हणून नको.

आणि नाव लपवूनही ठेवू नका. दीड पानभर "तो", "तो", "तो" आणि मग धाडकन "तो होता विनायक!" यात कसला सस्पेन्स? विनायकला आम्ही कुठे ओळखतो.

३) क्रियापदं आणि मान (पंधरा मिनिटं)

हे दुखणं इंग्रजीत नाही त्यामुळे इंग्रजीतली लेखनाची पुस्तकं वाचून सापडणार नाही. मी-निवेदनात "मी उठलो" की "मी उठले" यावरून बाई की पुरुष ते पहिल्याच क्रियापदात कळतं. वर मी पहिल्या वाक्यात "करते" म्हटलं तेव्हाच तुम्ही मनात एक बाई खुर्चीवर बसवलीत. पण "मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं" यात काही कळत नाही. नकळत अशीच वाक्यं ओळीने आली तर वाचक स्वतःच्या मनाने कोणीतरी बसवतो, लेखकाचं नाव पुरुषाचं असेल तर पुरुषच बसवतो, आणि दुसऱ्या पानावर "मी घाबरले" आलं की सगळं चित्र मोडून परत मांडायला लागतं. त्या धक्क्यात पात्र हातचं जातं. मुद्दाम लपवायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर पहिल्या तीन-चार वाक्यांत एक "आले-गेले-बसले" येऊ द्या.

दुसरं म्हणजे एकेरी की अहो-जाहो. "कुलकर्णी सर आले" आणि "कुलकर्णी आला" ही दोन वेगळी माणसं आहेत, निदान सांगणारा तरी वेगळ्या जागी उभा आहे. कुठलंही चालेल, पण पहिल्या पानावर "त्या स्वयंपाकघरात गेल्या" आणि दुसऱ्यावर "ती रडू लागली" असं झालं तर वाचकाला वाटतं दोन बायका आहेत. फाइलमधे शोधून बघा, सापडतंच.

४) बायोडाटा आणि चौकशी (एक संध्याकाळ)

इथपर्यंत किरकोळ होतं. खरा बिघाड बहुतेक वेळा इथे असतो.

लग्न जमवताना बायोडाटा येतो. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, पगार, स्वभाव मनमिळाऊ, आवड वाचन आणि प्रवास. सगळे वाचतात आणि कोणीही त्यावर लग्न ठरवत नाही, मग काय करतात, चौकशी करतात. त्यांच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे जाऊन साबण घेतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, सोसायटीच्या वॉचमनशी बोलतात, ऑफिसात कोणी ओळखीचं आहे का बघतात. "मुलगा चांगला आहे हो, पण उधारीचं विचारलं की फोन कानाला लावतो" हे एक वाक्य अख्ख्या बायोडाट्याला भारी पडतं. वाचकही सोयरीक करायलाच आलेला असतो, पुढची वीस पानं या माणसाबरोबर काढायची का हे तो ठरवतोय. त्याला चौकशी करू द्या.

तपासायचं कसं, तर पेन घ्या आणि पहिल्या पानावर मुख्य पात्राबद्दलची सगळी विशेषणं अधोरेखित करा. स्वाभिमानी, हळवी, जिद्दी, मितभाषी, देखणा, हुशार पण अबोल (हा "पण" फार आवडता आहे सगळ्यांचा). तीनपेक्षा जास्त निघाली तर बायोडाटा झालाय.

उदाहरण देते, वर्कशॉपसाठी मीच तयार केलेलं. आधीचं असं:

"मालतीबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, सावळ्या, मध्यम बांध्याच्या. पती वारल्यानंतर त्यांनी जिद्दीने मेस सुरू केली. त्या कडक पण प्रेमळ होत्या. विद्यार्थी त्यांना काकू म्हणत. पैशांची चणचण नेहमीचीच होती."

चूक काही नाही. फक्त कोणी नाही तिथे. आता हे बघा:

"चौथी पोळी काकूंनी न विचारताच त्याच्या ताटात टाकली. मग ओट्यावरची वही ओढली आणि त्याच्या देखत 'बाकी महिने' खालचा दोनचा आकडा खोडून तीन केला. 'भाजी हवीय?' त्या म्हणाल्या."

कडक आणि प्रेमळ हे दोन्ही शब्द गेले, आणि दोन्ही गोष्टी राहिल्या. पैशांची चणचण सांगायची तर सिलिंडर बघा. मेसला १९ किलोचा निळा कमर्शियल सिलिंडर लागतो, घरगुती १४.२ किलोचा लाल तिथे वापरायची परवानगी नसते, पण तो स्वस्त पडतो. आता काकूंच्या ओट्याखाली दर्शनी एक निळा सिलिंडर आणि त्याच्या मागे गोणपाट टाकलेला लाल, असं एका ओळीत लिहिलं की चणचण आली, धाडस आलं, थोडी लबाडी आली, आणि पकडलं जाण्याची भीतीही आली, म्हणजे पुढे गोष्ट घडायला जागा झाली. हे फक्त वर्णन सुंदर करण्यासाठी नाही म्हणून सांगतेय. विशेषण वाचकाला निकाल देतं, तो ऐकून घेतो. कृती त्याला पुरावा देते, निकाल तो स्वतः लावतो, आणि स्वतः लावलेला निकाल माणूस विसरत नाही.

इथे वर्कशॉपमधे हमखास एक हात वर होतो, की मग "कोसला"चं काय, तिथे तर नायक सुरुवातीलाच स्वतःचं नाव आणि वय सांगून मोकळा होतो. बरोबर आहे. १९६३ साली आलेली ती कादंबरी तशीच सुरू होते, आणि चालते, कारण तो जे सांगतो त्यापेक्षा ज्या तऱ्हेने सांगतो त्यात माणूस पकडला जातो. तसा आवाज तुमच्या मी-ला असेल तर जन्मवेळ आणि रासही सांगा. "माझे नाव अमित असून मी एका खासगी कंपनीत काम करतो" यात तो आवाज नाही.

५) हरीण कुठाय? (दोन-तीन दिवस)

चौकशी झाली, माणूस दिसायला लागला, तरी गोष्ट हलत नाही असं झालं तर हे तपासा. माझ्या मते इथे सगळ्यात चांगली मदत जुन्या नाटकाची होते. शाकुंतल घ्या. कालिदासाचं संस्कृत आहे, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात मराठी रंगभूमीवर आणलं ते संगीत शाकुंतल. मूळ नाटकात दुष्यंताची एंट्री कशी आहे? राजसभा नाही, सिंहासन नाही, भाट नाहीत. तो रथात आहे, हातात धनुष्यबाण, पुढे हरीण पळतंय. एवढ्यात आश्रमातले तापस आडवे येतात, हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नकोस. आणि राजा बाण परत घेतो.

मोजा आता. काहीतरी हवंय (हरीण). अडवणारं कोणी आहे (तापस). आणि त्या क्षणी त्याने काहीतरी ठरवलं (बाण मागे). हवं, अडलं, ठरवलं. बलाढ्य आहे पण ऐकतो, शिकारी आहे पण मर्यादा आहे, हे कोणी सांगायला लागत नाही. पुढे आश्रमात शिरताना तो दागिने आणि धनुष्य सारथ्याकडे देतो, आणि शकुंतला भेटल्यावर आपण राजा आहोत हे लपवतो. पहिल्याच अंकात खोटंही बोलून झालं त्याचं! म्हणजे मुख्य पात्र पहिल्यांदा दिसताना चांगलंच दिसायला पाहिजे ही भीतीही सोडा.

तर तुमच्या पहिल्या सीनला हे तीन प्रश्न विचारा, तिला आत्ता, या अर्ध्या तासात, काय हवंय? कोण किंवा काय आडवं येतंय? आणि ती काय करते? "तिला सुख हवंय", "त्याला स्वतःचा शोध घ्यायचाय" ही उत्तरं धरू नका, ती आयुष्याची झाली. हरीण छोटं असलं पाहिजे. खिडकीची सीट, सहीचा कागद, उधार दिलेले बाराशे रुपये, मुलाच्या शाळेत साडेपाचच्या आत पोचणं. बाल्कनीतल्या चहावालीला काहीच नको असतं, चहा तिच्या हातातच आहे, बिघाड तो आहे. तिची दूधपिशवी आज परत वरच्या मजल्यावरच्याने उचललीय असं करून बघा आणि तिला जिना चढायला लावा.

मालतीकाकूंकडे परत येऊ. पंगत चालू असताना दारात जागामालक उभा राहतो, भाडं मागायला आलाय, आणि बोलता बोलता ओट्याकडे सरकतो. काकूंना तो गोणपाटापाशी पोचायला नकोय, बस एवढंच. त्या काय करतील? त्याच्यासाठी ताट वाढतील आणि बाहेरच्या बाकावर बसवतील, की मोठ्याने भांडण काढतील, की त्याच मुलाला हाक मारून सिलिंडरसमोर बसायला सांगतील? तिन्ही वेगळ्या बायका आहेत. तुमची कोणती ते ठरवलंत की पात्र भेटलं. आणि मुलगा "काकू" म्हणतो, जागामालक "वहिनी" म्हणेल, गॅसवाला "ताई", तेवढ्या तीन हाकांत ती कोणाची कोण लागते तेही येऊन गेलं, वेगळा पॅरा नको.

६) सांगणारा चुकलाय का? (आठवडा, आणि डोकेदुखी)

वॉचमन लक्षात राहतो आणि नायिका राहत नाही, हे लक्षण असेल तर थेट इथे या. कधीकधी मुख्य पात्र आतून दाखवण्यातच घोटाळा असतो, ते स्वतःबद्दल इतका विचार करत बसतं की काही करतच नाही. अशा वेळी पहिला सीन दुसऱ्या कोणाच्या नजरेतून लिहून बघा, ताटावर बसलेल्या त्या पोराच्या, किंवा जागामालकाच्याच. नाहीतर एंट्री लांबवा, आधी चार लोकांना तिच्याबद्दल बोलू द्या, प्रत्येकाला वेगळं, एकाचं दुसऱ्याशी न जुळणारं, आणि मग तिला आणा. लांबवायचं तर तोपर्यंतची माणसं तिच्याचमुळे काहीतरी करत असायला हवीत, नाहीतर नुसती वाट बघणं होतं, एसटी स्टँडवर घोषणा ऐकत बसल्यासारखं.

नवीन सीन लिहिताना जुना उघडा ठेवू नका. ठेवलात की जुनीच वाक्यं कपडे बदलून येतात.

७) माणूसच चुकलाय

हे शेवटचं आणि हे कोणाला आवडत नाही. सगळं करून झालं, हरीण आहे, तापस आहेत, तरी जीव येत नाही, तेव्हा बघा की कथेत सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होतंय. तो माणूस आणि तुमचं मुख्य पात्र वेगळे असतील तर बहुतेक तुम्ही चुकीच्या माणसाला समोर बसवलंय. माझ्या एका कथेत मी दोन वर्षं एका प्राध्यापकाला नायक करायला बघत होते आणि गोष्ट होती त्याच्याकडे टायपिंगला येणाऱ्या मुलीची. प्राध्यापक आता दीड पानात येऊन जातो. दुरुस्ती म्हणजे पूर्ण पुनर्लेखन, त्याला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पहिलं पान चार-पाच वेळा लिहून झालं आणि आता प्रत्येक वेळी फक्त शब्द बदलतायत, तर थांबा. त्यापुढे आपण बिघाड दुरुस्त करत नसतो, घासत असतो, आणि घासून घासून चांगलं वाक्यही गुळगुळीत होतं. कादंबरी असेल आणि पाचवी पायरी पहिल्या प्रकरणात जमली पण पुढच्या तीन प्रकरणांशी ते पात्र जुळेना, तर दोष सुरुवातीचा नाही, बांधणीचा आहे, तो घरी होत नाही. संपादक गाठा.

इथे एक घोळ नेहमी होतो. मुद्रितशोधक आणि संपादक वेगळे. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं बघेल, ते काम मोलाचं आहे पण शेवटचं आहे, पात्र का भेटत नाही हे तो सांगणार नाही आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नको. मी लोकांना मुद्रितशोधकाला पैसे देऊन "एडिट करून घेतलंय" म्हणताना ऐकलंय, आणि कथेतला प्रत्येक "कि" "की" झालेला असतो, नायिका बाल्कनीतच असते.

मुख्य पात्र तुम्हाला परक्या असलेल्या धंद्यातलं किंवा समाजातलं असेल, ऊसतोड कामगार, नर्स, खलाशी, कोणीही, तर संपादकाच्याही आधी त्या कामातल्या माणसाला पहिली चार पानं वाचून दाखवा. ते हसतील तिथे खूण करा.

आणि पात्र खऱ्या माणसावरून उचललं असेल, नाव बदललंय पण गाव, हुद्दा, चष्मा, भानगड सगळं तेच, तर वर्कशॉपमधे सल्ला मागू नका, वकिलाला विचारा. आपल्याकडे बदनामी हा दिवाणी दावाही होतो आणि फौजदारी गुन्हाही, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधे आहे. "सर्व पात्रे काल्पनिक" ही ओळ टाकली म्हणजे झालं असं समजू नका, वाचणाऱ्यांना तो माणूस ओळखू येतोय का हा प्रश्न त्या ओळीने मिटत नाही.

संपादकाकडे जाताना पहिली पाचच पानं न्या, सारांश नको, पात्रपरिचय तर नकोच. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, "तुम्हाला ही गोष्ट कोणाची वाटली?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. चुकीचं नाव आलं तर लगेच समजावून सांगायला लागू नका, ते नाव कागदावर लिहून घ्या आणि घरी येऊन सातव्या पायरीपासून उलटं वर जा.